लग्नाच्या नोंदीपासून ग्रीन कार्डापर्यंत: जोडप्याने समजून घ्यायची अमेरिकी प्रक्रिया

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाचे शिक्षण, पगार, घरातली माणसे आणि क्वचित पत्रिकाही पाहिली जाते. पण मुलगा अमेरिकेत असतो असे कळल्यावर जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, तो बहुधा संकोचामुळे राहून जातो. तो तिथे कोणत्या कायदेशीर दर्जावर राहतो, हा तो प्रश्न. (मुलगी तिकडे असेल आणि मुलगा इकडे, तरीही प्रश्न हाच.) याच्या उत्तरावर लग्नानंतरची दोन-तीन वर्षे कशी जातील, ते एकत्र जातील की व्हिडिओ कॉलवर, हे ठरते.

उत्तरे मुख्यतः तीन असतात. जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल, तर कायद्याच्या भाषेत त्याची पत्नी किंवा पती हा 'निकटचा नातेवाईक' ठरतो आणि या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नसल्यामुळे रांग लागत नाही. जो वेळ जातो, तो कागद तपासण्यात जातो. जोडीदार ग्रीन कार्डधारक असेल, तर अर्ज 'एफ-२ए' या वर्गात मोडतो. त्याला वार्षिक मर्यादा आहे, आणि अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला जे व्हिसा बुलेटिन प्रसिद्ध करते, त्यात आपली तारीख येईपर्यंत थांबावे लागते. काही वर्षे हा वर्ग मोकळा होता. एप्रिल २०२३ पासून त्यात पुन्हा रांग लागली. तरी नोकरीच्या आधारावरच्या ग्रीन कार्डासाठी भारतीयांना जी दशकांची रांग लागते, तिच्याशी याची गल्लत करू नये, कारण एफ-२एमधले तीन चतुर्थांश व्हिसा देशवार मर्यादेतून वगळलेले आहेत. तिसरे उत्तर एच-१बी, म्हणजे नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा. आपल्याकडच्या स्थळांमध्ये हे बरेचदा ऐकू येते आणि गैरसमजही याच्याभोवतीच जास्त असतात: एच-१बीवर असलेली व्यक्ती लग्नाच्या नात्याने कोणासाठीही ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकत नाही. जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो, आणि ग्रीन कार्ड मिळालेच तर ते नोकरीच्या अर्जाच्या शेपटीला धरून. पुढे जे लिहिले आहे, ते पहिल्या दोन प्रकारच्या जोडप्यांसाठी आहे.

अर्ज एकच असला तरी तो तीन टेबलांवरून जातो. पहिले टेबल अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा खात्याचे, म्हणजे यूएससीआयएसचे. तिथे 'आय-१३०' हा अर्ज मंजूर होतो, म्हणजे हे नाते खरे आहे एवढेच मान्य होते. दुसरे टेबल न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ गावी असलेल्या नॅशनल व्हिसा सेंटरचे. तिथे शुल्क, उत्पन्नाचे कागद आणि दाखले गोळा होतात. तिसरे टेबल मुंबईच्या वाणिज्य दूतावासाचे. तिथे मुलाखत होते. या तिन्ही टेबलांवरची माणसे तुम्हाला ओळखत नाहीत. लग्नाला किती पाहुणे होते, सासूबाई किती प्रेमळ आहेत, हे त्यांना दिसत नाही. त्यांना दिसते ती फक्त फाइल. जी प्रकरणे अडतात, त्यांतली बरीचशी नाते खोटे म्हणून नव्हे, तर एका कागदावरची गोष्ट दुसऱ्या कागदावरच्या गोष्टीशी जुळत नाही म्हणून अडतात. म्हणून ही फाइल एकट्या जोडीदारावर सोडू नये. तिकडचा भरतो आणि इकडचा सही करतो, ही आपल्याकडची पद्धत मुलाखतीच्या खिडकीशी महागात पडते.

आय-१३० सोबत भारतातल्या जोडीदाराचा 'आय-१३०ए' हा फॉर्म जातो. त्यात गेल्या पाच वर्षांतले राहण्याचे पत्ते आणि नोकऱ्या, तसेच आईवडिलांची नावे व जन्मतारखा विचारलेल्या असतात. इथे एक खास महाराष्ट्री अडचण उभी राहते. आपल्या मागच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख टाकलेली माणसे घरोघरी आहेत. वडिलांची खरी तिथी आजीला पाठ असली, तरी फॉर्मात त्यांच्या पासपोर्टवर किंवा आधार कार्डावर असलेली तारीखच लिहावी, आणि पुढे 'डीएस-२६०' हा व्हिसाचा फॉर्म भरताना तीच पुन्हा लिहावी. यासाठी आधी भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत दोघांकडेही हवी.

नाते खरे असल्याचा पुरावा हा ठरवून केलेल्या लग्नांत जरा अवघड भाग आहे. अमेरिकी नमुन्यात एकत्र भाडेकरार, संयुक्त बँक खाते, एकत्र भरलेला आयकर असे कागद अपेक्षित असतात. आणि आपल्याकडचे जोडपे लग्नानंतर तीन आठवडे एकत्र राहून विमानतळावर निरोप घेते. मुंबईतल्या अधिकाऱ्यांना ही पद्धत नवी नाही, पण पहिल्या टेबलावरचा अधिकारी अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरात बसलेला असतो आणि त्याला ती ठाऊक असेलच असे नाही. त्यामुळे नात्याची हकिगत साध्या भाषेत, दीड-दोन पानांत लिहून जोडावी: स्थळ कोणाकडून आले, पहिली भेट कुठे झाली, साखरपुडा कधी, लग्न कधी, त्यानंतर कोण कोणाला भेटायला कधी गेले. सोबत लग्नपत्रिका, कार्यालयाच्या पावत्या, दोन्हीकडचे नातेवाईक एकत्र दिसतील असे निवडक फोटो, विमानाची तिकिटे, पासपोर्टवरचे शिक्के, पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि महिन्यांगणिक थोड्या थोड्या संभाषणांचे नमुने. आठशे फोटोंचा अल्बम कोणी पाहत नाही. तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहेत हे खाली लिहिलेले वीस-पंचवीस फोटो पाहिले जातात. त्यांतही हळदीपेक्षा लग्नानंतरच्या भेटींचे फोटो जास्त बोलतात, कारण लग्नाचा सोहळा पैशाने उभा करता येतो, हे अधिकाऱ्यांनाही ठाऊक असते. केवळ ग्रीन कार्डासाठी लग्न करणे हा तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, त्यामुळे संशय घेणे हे त्यांचे कामच आहे. त्याचा राग मानू नये.

आता नावाविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण मराठी जोडप्यांची फाइल सर्वांत जास्त इथेच अडखळते. आपले नाव तीन भागांचे: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. लग्नानंतर मधला आणि शेवटचा भाग बदलतो, आणि काही घरांत पहिलाही. माझ्या लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'मृण्मयी' असे लिहिले गेले. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले, आणि कोणीतरी हौसेने विवाह नोंदणीच्या अर्जातही वधूचे नाव म्हणून तेच भरले. माझ्या पासपोर्टवर, पदवीवर, जन्मदाखल्यावर ते नाव कुठेच नव्हते. प्रमाणपत्र हातात आले तेव्हा सगळे घाईत होते, कोणी वाचले नाही. ते दुरुस्त करून घ्यायला प्रतिज्ञापत्र, साक्षीदार आणि चार हेलपाटे लागले, आणि तोवर आय-१३० भरता आला नाही.

म्हणून नोंदणीचा अर्ज भरताना वधू आणि वराचे नाव पासपोर्टवर जसे आहे तसे, स्पेलिंगच्या अक्षरासकट लिहावे. महाराष्ट्रात ही नोंदणी बहुधा १९९८ च्या राज्य कायद्याखाली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे होते, तिला तीन साक्षीदार लागतात आणि पुरोहितांची माहितीही. सर्वांची ओळखपत्रे बरोबर नेली, तर फेरी वाचते. लग्नपत्रिका, फोटोग्राफरचे पत्र किंवा मंगल कार्यालयाचा दाखला हे पूरक पुरावे आहेत. लग्नाचा कायदेशीर कागद म्हणजे निबंधकाचे प्रमाणपत्र. नाव बदलायचेच असेल तर बदलावे, पण अमेरिकेचा कायदा पत्नीने नवऱ्याचे नाव लावलेच पाहिजे असे कुठेही म्हणत नाही. माझे मत असे, की अर्ज सुरू असताना पासपोर्टवरचे नाव बदलू नये. व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने येतो, ग्रीन कार्डही त्याच नावाने. फॉर्मांत 'यापूर्वी वापरलेली इतर नावे' असा रकाना असतो, तिथे माहेरचे पूर्ण नाव, सासरचे पूर्ण नाव आणि असल्यास तांदळावरचे नावही निःसंकोच लिहावे. जास्त नावे लिहिल्याने काही बिघडत नाही. लपलेले नाव नंतर सापडले, तर बिघडते.

गोव्यात लग्न झाले असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे निबंधकापुढे दोनदा जावे लागते: आधी लग्नाचा इरादा नोंदवायचा, आणि ठरलेला काळ गेल्यावर पुन्हा जाऊन प्रत्यक्ष विवाहनोंदीवर सही करायची. पहिल्या सहीलाच 'रजिस्टर लग्न झाले' असे म्हणायची बोलीभाषेतली सवय आहे, पण कायद्याने लग्न दुसऱ्या सहीने पुरे होते, आणि अर्जात त्याच नोंदीची तारीख लागते.

दोघांपैकी कोणाचे आधीचे लग्न मोडले असेल, तर न्यायालयाचा अंतिम हुकूमनामा लागतो. नोटरीपुढे मुद्रांक कागदावर लिहून दिलेली सोडचिठ्ठी पुरत नाही. जन्मदाखला नसेल, किंवा त्यात नुसते 'मुलगी' असे लिहिलेले असेल, तर जिथे जन्म झाला तिथल्या कार्यालयाकडून नाव घालून घेता येते. नोंदच नसेल तर तसा 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घेऊन शाळा सोडल्याचा दाखला आणि जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. मराठीतल्या प्रत्येक कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर यूएससीआयएसला हवे असते. ते दोन्ही भाषा येणाऱ्या कोणीही करावे आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आपण ते करण्यास सक्षम आहोत, असे खाली सही करून लिहावे. त्यासाठी नोटरीची गरज नाही, तरी ती आहे असे सांगून पैसे घेणारे भेटतात.

समलिंगी जोडप्यांना भारतात लग्न नोंदवता येत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते स्पष्ट झाले. अशा जोडप्यांतला एक जण अमेरिकी नागरिक असेल, तर 'के-१' हा वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा खुला आहे. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते आणि अमेरिकेत पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावे लागते. हा व्हिसा इतर जोडप्यांनाही मिळतो, परंतु ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मिळत नाही.

अर्ज पाठवल्यावर वाट पाहण्याचा काळ सुरू होतो, आणि याच काळात घरातले कोणीतरी सुचवते: 'तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन ये, तिथेच पुढचे बघतील.' हा सल्ला धोक्याचा आहे. पर्यटक व्हिसा मागणाऱ्याचा अमेरिकेत कायमचे राहण्याचा हेतू नाही, असे गृहीत असते, आणि आय-१३० हा नेमका त्या हेतूचा लेखी पुरावा असतो. त्यामुळे व्हिसा नाकारला जाण्याची शक्यता मोठी. त्याहून वाईट म्हणजे राहण्याचा बेत मनात ठेवून अधिकाऱ्याला 'फिरायला आलो' असे सांगणे. ते खोटे विधान ठरले, तर कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. जो जोडीदार आधीच कायदेशीरपणे अमेरिकेत आहे, उदाहरणार्थ विद्यार्थी म्हणून किंवा स्वतःच्या एच-१बीवर, त्याची गोष्ट वेगळी. नागरिकाशी लग्न झाले असेल तर तो तिथेच राहून आय-१३० बरोबर 'आय-४८५' हा ग्रीन कार्डाचा अर्ज भरू शकतो आणि मुलाखत दोघांनी मिळून तिथल्याच कार्यालयात द्यायची असते. मात्र तो अर्ज चालू असताना आजीला भेटायला म्हणून प्रवासाची आगाऊ परवानगी न घेता पुण्याला येणे म्हणजे बहुतेक वेळा अर्ज सोडून दिल्यासारखे धरले जाते. एच आणि एल (कंपनीअंतर्गत बदलीचा) अशा नोकरीच्या व्हिसांवर असलेल्यांना त्यातून सूट आहे.

पहिल्या टेबलावरून मंजुरी आली की नॅशनल व्हिसा सेंटर केस क्रमांक देते. मुंबईच्या प्रकरणांचा क्रमांक अजूनही 'बीएमबी' या अक्षरांनी सुरू होतो, म्हणजे बॉम्बे. शहराचे नाव १९९५ मध्ये बदलले, पण ती बातमी पोर्ट्समथच्या संगणकापर्यंत पोहोचलेली नाही. इथे व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि उत्पन्नाच्या कागदांच्या तपासणीचे १२० डॉलर भरावे लागतात. त्याआधी आय-१३० चे शुल्क एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५ आणि कागदावर ६७५ डॉलर झालेले आहे. ही शुल्के बदलत असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहूनच भरावीत.

उत्पन्नाचा कागद म्हणजे 'आय-८६४', आणि तिकडच्या जोडीदाराने तो पूर्ण वाचून सही करावी, असे मी आग्रहाने सांगेन. तो सरकारशी केलेला करार आहे. येणारा माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहणार नाही, त्याला मी पोसेन, असे त्यात लिहून दिलेले असते. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे दोघांच्या कुटुंबाला, अलास्का आणि हवाई वगळता, ते वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होते. तेवढे नसेल तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा कार्डधारक सहप्रायोजक होऊ शकतो, किंवा मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट मालमत्ता लागते. हे बंधन घटस्फोटाने सुटत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षे, ते चालते. काका किंवा मित्र सहप्रायोजक म्हणून सही करत असेल, तर त्याच्यावरही चालते. त्याला 'फक्त एक सही हवी आहे' असे सांगणे अन्यायाचे आहे. अमेरिकी नागरिक सध्या पुण्यात किंवा पणजीत राहून काम करत असेल, तर त्याला आपण परत जाणार असल्याचेही दाखवावे लागते. भाड्याचा करार, नोकरीचे पत्र, तिथले चालू बँक खाते असे काही.

यादरम्यान पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिस क्लिअरन्स घ्यावा. ज्या परदेशात वर्षभर किंवा अधिक काळ राहिला असाल, तिथलाही तसा दाखला लागतो. वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. भारतात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्यामुळे छातीचा एक्स-रे बारकाईने पाहतात, आणि त्यात जुना डाग आढळला तर थुंकीचा नमुना संवर्धनासाठी जातो, त्याच्या निकालाला आठ आठवडे लागतात. ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेला आहे, त्यांनी उपचारांचे जुने कागद बरोबर न्यावेत आणि तपासणी मुलाखतीच्या पुरेशी आधी उरकावी. लहानपणीच्या लसींचे कार्ड सापडले, तर काही सुया वाचतात.

मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. जुन्या पिढीला आठवतो तो ब्रीच कँडीचा लिंकन हाउसबाहेरचा फूटपाथ. दूतावास २०११ मध्ये तिथून हलला. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून बरोबर आलेल्या भावाकडे फोन देऊन फक्त मूळ कागदांची पारदर्शक पिशवी घेऊन आत जायचे. तिकडच्या जोडीदाराने हजर असणे आवश्यक नसते. उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ घ्यावी लागते आणि मग काचेपलीकडून प्रश्न येतात, पाहिजे तर मराठीतूनही: नवरा काय काम करतो, कोणत्या गावात राहतो, त्याच्या घरी कोण कोण आहे, शेवटचे कधी भेटलात, त्याचे आधी लग्न झाले होते का. पाठांतर केलेले उत्तर लगेच ओळखू येते. नवऱ्याच्या पगाराचा आकडा माहीत नसणे हे आपल्या घरांत नवीन नसले, तरी जिच्यासाठी त्याने उत्पन्नाच्या करारावर सही केली, तिलाच तो ठाऊक नाही, हे खिडकीपलीकडच्या माणसाला विचित्र वाटते. आदल्या आठवड्यात दोघांनी फोनवर बसून स्वतःचीच फाइल पहिल्या पानापासून वाचावी. त्याहून वेगळी तयारी लागत नाही.

काही कमी असेल तर २२१(जी) कलमाचा कागद हातात देतात. तो अंतिम नकार नसतो; त्यावर मागितलेले कागद सांगितलेल्या पद्धतीने पोहोचवायचे असतात. काही वेळा काहीच न मागता 'प्रशासकीय तपासणी' असे लिहिलेले असते. तेव्हा वाट पाहण्यापलीकडे फार काही हाती नसते, आणि 'आतून काम करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे दिल्याने ती लवकर संपत नाही.

व्हिसा मिळाल्यावर बहुधा सहा महिन्यांच्या आत प्रवास करायचा असतो. विमानतळावर शिक्का पडला की पासपोर्टवरचा तो व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डाचे काम करतो. कार्ड पुढे टपालाने येते, त्यासाठीचे २३५ डॉलर निघण्यापूर्वीच भरून ठेवावेत. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर मिळणारे कार्ड फक्त दोन वर्षांचे, सशर्त असते. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून 'आय-७५१' हा अर्ज भरायचा आणि संसार चालू असल्याचे पुन्हा दाखवायचे. आता भाडेकरार, संयुक्त खाते, विमा, एकत्र आयकर हे सगळे अपेक्षित असते, म्हणून पहिल्या महिन्यापासून दोघांची नावे कागदांवर येऊ द्यावीत. लग्नाला दोन वर्षे होऊन पंधरा दिवस झाल्यावर प्रवास केलेल्या माझ्या एका मैत्रिणीला थेट दहा वर्षांचे कार्ड मिळाले. तिकीट पुढे ढकलण्यासारखे असेल तर ही तारीख कॅलेंडरवर पाहावी.

त्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतात, ही गोष्ट काही घरांत धाक घालायला वापरली जाते: 'सही करणार नाही, परत पाठवीन.' कायद्याने तसे नाही. लग्न खरे होते पण मोडले, किंवा घरात छळ झाला, तर एकटीने सवलतीचा अर्ज करता येतो. नागरिक किंवा कार्डधारक जोडीदार छळत असेल आणि त्याने मुळात अर्जच केला नसेल, तर १९९४ च्या कायद्याखाली पीडित व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, त्याच्या नकळत स्वतःचा 'आय-३६०' अर्ज करू शकते. पासपोर्ट आणि कार्ड स्वतःच्या ताब्यात असावेत आणि त्यांचे फोटो माहेरी कोणाकडे तरी असावेत.

कार्डधारक जोडीदार मध्येच नागरिक झाला, तर प्रकरण आपोआप रांगेबाहेर येते, मात्र नागरिकत्वाचे प्रमाणपत्र लगेच कळवावे लागते. भारतातल्या जोडीदाराबरोबर मूल असेल, तर एक मेख आहे: कार्डधारकाच्या अर्जात मूल आईच्या पाठोपाठ येते, नागरिकाच्या अर्जात येत नाही, त्याच्यासाठी वेगळा आय-१३० भरावा लागतो. नागरिकाबरोबर संसार करणाऱ्या कार्डधारकाला तीन वर्षांनी स्वतःच्या नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, इतरांना पाचांनी. आणि अमेरिकेत घर बदलले की दहा दिवसांच्या आत यूएससीआयएसला नवा पत्ता कळवणे प्रत्येक कार्डधारकाला बंधनकारक आहे. टपाल खात्याला कळवले म्हणजे झाले, असे समजून बसलेल्यांच्या मुलाखतीच्या नोटिसा जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहतात.